शरीराला केसपेपर, मनाला पोलीस गाडी?

एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत भिक्षेकऱ्यांची धरपकड झाली. पन्नासच्या आसपास माणसे गाड्यांत भरली गेली आणि श्रीगोंदा तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पोहोचविली गेली. तेथे काहींची प्रकृती बिघडली. त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलविण्यात आले आणि त्यांतील चौघांचा मृत्यू झाला. आमच्या माणसाला बांधून ठेवले, अन्नपाणी दिले नाही, असा आरोप नातेवाईकांनी केला. ही माणसे दारूच्या आहारी गेलेली होती, दारू तुटल्यामुळे त्यांची अवस्था बिघडली, असे प्रशासनाच्या बाजूने पुढे आले. चार दिवस बातम्या आल्या, निवेदने दिली गेली आणि शिर्डी पुन्हा काकड आरतीच्या गर्दीत बुडाली.

त्या चौघांच्या मृत्यूला जबाबदार कोण, हे ठरविण्याचे काम चौकशीचे आणि न्यायालयाचे. मला त्याहून मागचा प्रश्न विचारायचा आहे. वकिलीच्या सवयीप्रमाणे समोरच्या पक्षाचे म्हणणे क्षणभर खरे धरून चालू. ती माणसे दारूडी होती, दारू तुटल्याने त्यांना त्रास झाला, हे मान्य केले. मग हा त्रास आजार आहे की गुन्हा?

रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काय होते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, ताप चढतो, काहींना फिट येते. भिंतीवर किडे दिसू लागतात, कोणीतरी मारायला येते आहे असे वाटते. माणूस ओरडतो, अंगावर धावून जातो. यातले शरीराचे किती आणि मनाचे किती, हे वेगळे काढता येईल काय? उपचार मात्र ठाऊक आहे. शांत करणारे औषध, थायामिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, पाणी आणि क्षार, आणि सतत लक्ष. हे वेळेवर मिळाले तर बहुतेक माणसे वाचतात. न मिळाले तर मरू शकतात. पण ज्याला पाहणारा म्हणतो ‘हा वेडा आहे, दारूडा आहे’, त्याचा ताप कोणी मोजत नाही. आणि ज्याचा ताप मोजला जातो, त्याला ‘तुला कसली भीती वाटते’ हे कोणी विचारत नाही. शरीर एका खात्याकडे, मन दुसऱ्या खात्याकडे, आणि गरीब असेल तर दोन्ही पोलीस खात्याकडे!

हा प्रश्न भिक्षेकऱ्यांपुरता आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. तो सकाळी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या आईबहिणींचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाईने माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. आपल्याच समाजाची, पन्नाशीच्या आतली. लॉजमध्ये चादरी बदलण्याचे आणि संडास-बाथरूम धुण्याचे काम करायची. मालकाने तीन महिन्यांचा पगार बुडविला म्हणून माझ्याकडे आली होती. पिशवीत पगाराचा एकही कागद नव्हता, होते ते नुसते केसपेपर. छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल. डोके दुखते, गोळ्या. अंगात ताकद नाही, सलाईन. हातापायांची आग, इंजेक्शन. थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल. दोन वर्षांतले अकरा केसपेपर मी मोजले. सहज विचारले, ‘ताई, झोप लागते का?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘पोरगा गेला तेव्हापासून नाही, दादा.’

अकरा केसपेपरवर वजन होते, रक्तदाब होता, साखर होती. पोरगा कुठेच नव्हता.

तिचा पगार आम्ही नोटीस देऊन वसूल केला. झोप मला मिळवून देता आली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे तिला पाठविले. गोळ्यांनी फरकही पडू लागला होता. पण शिर्डीहून अहिल्यानगर ऐंशी किलोमीटरच्या पुढे. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. चौथ्या महिन्यात तिने जाणे सोडले. तिच्या गावाजवळच्या ज्या ओपीडीत ती दोन वर्षे अकरा वेळा गेली, तेथेच हे औषध आणि हा प्रश्न विचारणारा माणूस असता तर ती गेली नसती काय? हा प्रश्न मला अजून छळतो.

यासाठी त्या डॉक्टरांना शिव्या देऊन भागणार नाही. ज्याच्यापुढे शंभर-दीडशे रुग्णांची रांग आहे, त्याच्या वाट्याला एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे येतात. त्या वेळात तो छातीला नळी लावील की दुःख ऐकील? दोष त्या रचनेचा आहे, जी ओपीडीत फक्त अवयव तपासायला शिकविते. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. एकदा कपाळावर ‘मानसिक रुग्ण’ असा शिक्का बसला की त्याच्या पोटदुखीला, खोकल्याला कोणी खरे मानत नाही. ‘डोक्याचाच प्रकार आहे’ म्हणून त्याला परत पाठविले जाते. मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, पण ती तपासण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात आणि त्यातील बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेही माणसात नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. क्षयरोगी खचला की गोळ्या सोडतो, गोळ्या सोडल्या की क्षय उलटतो. मन आणि शरीर हे दोन वेगळे रुग्ण नाहीत, पण आपल्या दवाखान्यात त्यांच्या खिडक्या वेगळ्या आहेत, आणि त्यातली एक बहुतेक ठिकाणी बंदच असते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दर शंभर प्रौढांत १० ते ११ जणांना उपचारांची गरज असलेला मानसिक आजार आढळला. आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हता. हे उपचारांविना राहिलेले कोण असतील? ज्यांच्याकडे मुंबई-पुण्यात तासाला हजार-दोन हजार मोजण्याची ऐपत आहे, ते तर नव्हेत. ते आपण आहोत.

आपल्या दुःखाला जातीचीही एक बाजू आहे, जी कोणत्याही केसपेपरवर येत नाही. याच जिल्ह्याने २०१३ मध्ये सोनई पाहिले, २०१४ मध्ये खर्डा पाहिले. २०१५ मध्ये याच शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून आपल्या तरुणाचा खून झाला. अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत जखमांचे दाखले मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. जखम किती सेंटीमीटर लांब, किती खोल, हत्यार बोथट की धारदार, सगळे त्यात असते. पण त्या घरातली आई रात्री किती वाजता दचकून उठते, धाकटा भाऊ शाळेत का जात नाही, साक्ष द्यायच्या दिवशी बापाच्या छातीत का दुखते, हे मोजणारा रकाना त्या दाखल्यात नाही. ही कुटुंबे दुखणे घेऊन ओपीडीत जातात आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत येतात. मग एक दिवस साक्षीदार फितूर झाल्याची बातमी येते आणि आपण त्यालाच नावे ठेवतो. त्याचे मन सांभाळण्यासाठी शासनाने काय केले आणि आपण काय केले, हे कोणी विचारत नाही.

आता कायद्याकडे येऊ. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १८ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. शासनाने चालविलेली किंवा शासनाच्या पैशाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळविण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि त्यात धर्म, लिंग, वर्ग, जात यावरून भेदभाव चालणार नाही, असे ते सांगते. होय, ‘जात’ हा शब्द त्यात आहे. त्याच कलमाचे पोटकलम ५ शासनावर बंधन घालते की प्राथमिक, द्वितीय आणि तृतीय अशा सर्व पातळ्यांवरील सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्यसेवा मिसळून दिली पाहिजे. म्हणजे शरीर आणि मन एकाच दवाखान्यात तपासण्याची आपली मागणी हा शासनाने मान्य करून कायद्यात लिहिलेला शब्द आहे. पोटकलम ७ म्हणते की दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, तसेच निराधार आणि बेघर माणसाला शासकीय केंद्रांत हे उपचार पूर्ण मोफत मिळतील. आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक शासकीय दवाखान्यात मोफत आणि सदैव उपलब्ध असली पाहिजेत, हेही याच कलमात आहे. कलम २१ मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागविण्याची सक्ती करते.

शिर्डीच्या रस्त्यांना लागू होणारी कलमे आणखी आहेत. या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. कलम १०० प्रमाणे मानसिक आजाराने भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस पोलिसांना आढळला तर त्याला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचे आहे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम ९७ म्हणते की रुग्णाला बांधणे ही शिक्षा असू शकत नाही आणि कर्मचारी अपुरे आहेत हे बांधण्याचे कारण होऊ शकत नाही. पण शिर्डीत २०१७ चा हा कायदा कपाटात राहतो आणि १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा गाडीत बसून रस्त्यावर येतो! हा जुना कायदा गरिबीलाच गुन्हा ठरवितो. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिक्षेकरी गृहांत दाखल होणाऱ्या प्रत्येकाची २४ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. त्याच वर्षी जुलैमध्ये मानसिक आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचेही याच न्यायालयाने सांगितले. आणि अनुच्छेद ४७? सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांना आळा घालणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच अनुच्छेदात शेजारी शेजारी आहेत. दारूच्या महसुलावर तिजोरी भरायची आणि त्या दारूने कोसळलेल्याला गाडीत कोंबायचे, हे या अनुच्छेदात बसते काय?

शासन म्हणेल, मानसोपचारतज्ज्ञच नाहीत तर आणायचे कुठून? मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय निकषाला पोहोचविण्याची जबाबदारी कलम ३१ ने शासनावर टाकली आहे. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचीही गरज नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगत’ संस्थेने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. २४ दवाखान्यांत येणाऱ्या साध्या बाह्यरुग्णांची नैराश्य आणि चिंतेसाठी तपासणी केली. ज्यांना गरज होती त्यांना त्याच दवाखान्यात स्थानिक, प्रशिक्षण दिलेली समुपदेशक भेटली, डॉक्टरांनी औषध दिले आणि तज्ज्ञ वेळोवेळी येऊन पाहत राहिले. ही समुपदेशक डॉक्टर नव्हती, आपल्या आशाताईंसारखीच गावातली बाई होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत ही सोय मिळालेले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, न मिळालेल्यांत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे यासाठी लागतो एक रकाना, एक खोली, एक प्रशिक्षित बाई आणि महिन्यातून ठराविक दिवशी येणारा तज्ज्ञ.

दूर कशाला जायचे? याच अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माउली’ संस्थेत रस्त्यावर सापडलेल्या मानसिक रुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुले राहतात. त्या आणल्या जातात तेव्हा अंगावर जखमा, डोक्यात उवा आणि मनात भीती, सगळे एकाच वेळी असते आणि उपचारही एकाच वेळी सुरू होतो. एकाच जिल्ह्यात रस्त्यावरच्या माणसाला न्यायचे दोन रस्ते आहेत. एक शिंगवे नाईकला जातो, एक विसापूरला. शासनाने दुसरा निवडला.

योजनांचे ढोल वाजतात, त्यांचेही सांगितले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव आपल्याला वंद्य आहे. पण तिचा लाभ मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाला मिळतो. नैराश्याचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर महिन्याला ओपीडीत येतो, किंवा येणेच सोडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे चांगलेच झाले. पण जी सेवा तेथे नाहीच, ती मोफत असून काय उपयोग? १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक किती ओपीडींच्या भिंतीवर लिहिलेला आहे, हे वाचकांनी उद्या आपापल्या दवाखान्यात जाऊन पाहावे.

साईबाबा संस्थान देशातील श्रीमंत देवस्थानांत गणले जाते. २००४ च्या स्वतंत्र कायद्याने शासन त्याच्या कारभारात थेट सहभागी आहे आणि भक्तांच्या दानातून संस्थान स्वतःची रुग्णालये चालविते. आम्ही चमत्कार मानत नाही, उदीने रोग बरा होतो हेही मानत नाही. पण ज्या फकिराच्या नावावर हे गाव उभे राहिले, तो स्वतः दारोदार भिक्षा मागून जगला, असे त्याचे भक्तच सांगतात. त्याच गावात भिक्षा मागणाऱ्यासाठी पोलीस गाडी यावी, यासारखा विरोधाभास दुसरा कोणता? संस्थानाने सोन्याच्या सिंहासनाइतकीच श्रद्धा आपल्या ओपीडीतल्या एका समुपदेशकाच्या खुर्चीवर ठेवावी, एवढेच मागणे आहे.

शासनाला आणि संस्थानाला प्रश्न विचारताना आपल्या घराचे दारही उघडे ठेवले पाहिजे. आपल्या वस्त्यांत दारूने किती घरे गिळली, हे आपण जाणतो. २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, म्हणून आपण पिणाऱ्याला धिक्कारतो. पण त्याला दवाखान्यात नेत नाही. सून बोलायची बंद झाली तर ‘अंगात आले’ म्हणून चोरून भगताकडे नेणारी घरे बौद्ध म्हणवणाऱ्यांतही आहेत. मुलाने आत्महत्या केली तर आपण कारण लपवितो, आणि त्या आईच्या अकरा केसपेपरवर पोरगा येत नाही तो यामुळेही.

पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकतो. एकाच दिवसात नवरा, दोन्ही मुले, आईबाप आणि भाऊ गमावलेली ती बाई भान हरपून, अंगावर वस्त्र नसताना रस्त्यावर भटकत होती. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. ती तथागतांच्या सभेजवळ आली तेव्हाही तिला अडविणारे होतेच. तथागतांनी तिला येऊ देण्यास सांगितले, भगिनी म्हणून हाक मारून भानावर यायला सांगितले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. मग तिचे दुःख ऐकून घेतले गेले. आधी दार उघडले, मग अंग झाकले, मग मन ऐकले. शरीर आणि मन एकत्र सांभाळण्याचा याहून सोपा धडा कोणता हवा? ती पुढे संघातील थोर थेरी झाली. शिर्डीच्या रस्त्यावर ती आज आली असती तर विसापूरला पोहोचली असती.

म्हणून राहाता तालुक्यातील आणि जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी या मागण्या लेखी स्वरूपात जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि संस्थान यांच्याकडे द्याव्यात. एक, प्रत्येक ओपीडीच्या केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी चार प्रश्न छापावेत : गेले दोन आठवडे मन उदास असते काय, कशातच रस वाटत नाही काय, झोप लागते काय, दारू किती. दोन, ज्याचे उत्तर ‘होय’ येईल त्याला त्याच दिवशी, त्याच इमारतीत समुपदेशक भेटावी. तीन, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञ ठरलेल्या वारी तालुक्याला यावेत आणि औषध नेहमीच्याच खिडकीवर मिळावे. चार, मानसिक रुग्णाची साखर, रक्तदाब, वजन प्रत्येक खेपेला तपासले जावे. पाच, डॉक्टरने तपासल्याशिवाय एकाही भिक्षेकऱ्याला गाडीत घालू नये आणि एप्रिल २०२५ च्या चार मृत्यूंची चौकशी व तिचे निष्कर्ष जनतेपुढे मांडावेत. सहा, अॅट्रॉसिटीपीडित कुटुंबांच्या मानसिक उपचारांची सोय जखमेच्या दाखल्याबरोबरच केली जावी. निवेदनाची पोच घ्या. तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर कायद्याचे दार उघडे आहे, आणि त्यासाठी आम्ही वकील मंडळी फी न घेता उभे राहू.

आणि प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एकमेकांचे ऐकण्यासाठी ठेवा. समोर बसलेल्या बाईला फक्त एवढे विचारा, ताई, झोप लागते का?

जयभीम!